केंटन की विल्सडेन ग्रीन?

पुण्याहून दोन महिन्यांपूर्वी लंडनला आलेल्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. माहेर रत्नागिरीचं, वय ३३. नवऱ्याची नोकरी कॅनरी वॉर्फला. मुलगी साडेचार वर्षांची, सप्टेंबरपासून शाळेत जाणारी. त्यांनी स्वतः पुण्यात नऊ वर्षं अकाउंट्सचं काम केलं, इकडे येताना ते सोडलं. कंपनीने दिलेलं घर पाच आठवड्यांत रिकामं करायचंय आणि निवड दोन घरांवर येऊन थांबली आहे.

पहिलं घर केंटनला, हॅरो बरोच्या हद्दीत (बरो म्हणजे लंडनमधला स्वतःचं कौन्सिल असलेला विभाग). दुमजली घराचा तळमजला, मागे छोटी बाग. घरमालक गुजराती, वरच्या मजल्यावर राहतात. अट एकच, स्वयंपाक पूर्ण शाकाहारी. नवऱ्याच्या ऑफिसातली दोन मराठी कुटुंबं जवळपास आहेत. दुसरं घर विल्सडेन ग्रीनला, ब्रेंट बरोमध्ये. शंभरेक वर्षांच्या जुन्या घराचा पहिला मजला, स्वयंपाकघरात भरपूर उजेड, स्टेशन चालत सात मिनिटं. मालकीणबाई आयरिश, वयस्क. खाली सोमाली कुटुंब, वर दोन ब्राझिलियन मुलं. जवळच्या शाळेत चाळीसच्या वर भाषा बोलणारी मुलं आहेत असं तिथल्या बाईंनी अभिमानाने सांगितलं आणि नवऱ्याच्या पोटात गोळा आला. भाडं जवळपास सारखंच, पण दुसऱ्या घराचा एजंट सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय.

त्या लिहितात: “मला विल्सडेनचं घर आवडलंय. ह्यांचं आणि ऑफिसातल्या मंडळींचं म्हणणं असं, की ती मिक्स वस्ती आहे, तिथे आपले लोक नाहीत, मुलीचं इंग्रजी बिघडेल, संध्याकाळी बाहेर पडायची भीती. सासूबाई पुढच्या वर्षी येणार आहेत, त्यांनाही केंटनलाच करमेल. मासे काय, बाहेर जाऊन खाऊ. मी फक्त उजेडासाठी अडून बसलेय का? स्वार्थी आहे का मी?”

प्रिय मैत्रीण,

स्वार्थाचा मुद्दा आधी निकालात काढते. तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, मुलीची शाळा आहे, सासूबाईंचं करमणं आहे, ऑफिसातल्या मंडळींचे सल्लेही आहेत. तुम्ही स्वतः एका वाक्यापुरत्या येता आणि लगेच स्वतःवरच आरोप करता. नवरा सकाळी आठला बाहेर पडेल तो संध्याकाळी सातला येईल. मुलगी दुपारी तीन-सव्वातीनपर्यंत शाळेत. सासूबाईंना यायला अजून अवकाश आहे. मग दिवसभर त्या घरात, त्या गल्लीत, त्या दुकानांत कोण वावरणार? परदेशात आलेल्या कितीतरी कुटुंबांत हे मी पाहिलंय, की घर ठरवतो ऑफिसला जाणारा आणि त्यात दिवस काढते घरी राहणारी. डिसेंबरात इथे चारच्या आधीच अंधारून येतं. अशा ठिकाणी घरात उजेड असावा असं वाटणं ही चैन नव्हे. या निर्णयात तुमच्या मताला बरोबरीचं नाही, थोडं जास्तच वजन हवं.

आता ‘आपले लोक’. सगळं पत्र त्याच्याभोवती फिरतंय. केंटनला आपले लोक आहेत म्हणून ते घर घ्यायचं, आणि त्या घरात बांगडा तळायचा नाही! मुंबई-पुण्यात एखाद्या सोसायटीने मराठी कुटुंबाला ‘नॉनव्हेज चालणार नाही’ म्हणून घर नाकारलं, की आपण केवढा गहजब करतो. वर्तमानपत्रांत बातम्या येतात, पक्षाचे कार्यकर्ते सोसायटीच्या दारात उभे राहतात. तीच अट लंडनमध्ये समोर आली की आपण ‘मासे बाहेर खाऊ’ म्हणून मोकळे होतो. रत्नागिरीच्या लेकीने हे वाक्य इतक्या सहज लिहावं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

केंटनच्या मालकांना मी नावं ठेवत नाहीये. खालचा वास वर जातोच, आणि त्यांनी अट आधी सांगितली हे चांगलंच केलं. त्या पट्ट्यातले गुजराती कोण, हेही जाणून घेण्यासारखं आहे. त्यांच्यातले पुष्कळजण थेट गुजरातहून आलेले नाहीत. त्यांची घरं केनियात, युगांडात, टांझानियात होती. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा आणि त्याच्या आगेमागे ही कुटुंबं इथे आली. त्यांचं लंडन पन्नास वर्षांचं आणि तुमचं दोन महिन्यांचं. शेजार चांगला मिळेल, दिवाळीला मिठाईचा डबा येईल. पण न सांगता समजून घेणारी माणसं तिथे आपोआप भेटतील असं धरून चालू नका.

ती दोन मराठी कुटुंबं मात्र मी हलक्यात घेत नाही. पहिल्या हिवाळ्यात मूल तापाने फणफणलं असताना हाकेच्या अंतरावर मराठीत बोलणारं कुणी असणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त त्यांना एक विचारून घ्या: तुम्ही इथे किती दिवस आहात आणि पुढे काय बेत आहे? नोकरीच्या व्हिसावर आलेली बरीच मंडळी थोडी स्थिरावली की स्वतःचं घर घ्यायला वॉटफर्ड, स्लाव, मिल्टन कीन्सकडे सरकतात. ज्यांच्या भरवशावर तुम्ही केंटन घेणार, तेच पुढच्या उन्हाळ्यात सामान बांधत असतील तर?

आणि ‘हॅरो चांगलं, ब्रेंट नको’ ही ऑफिसातली वाटणी तर मला कळलीच नाही. लंडनचे ३२ बरो १९६५ साली आखले गेले. केंटन रोड ही त्यातलीच एक हद्द आहे, एका बाजूला हॅरो आणि रस्ता ओलांडला की ब्रेंट. किलबर्न हाय रोडवर एका फुटपाथला ब्रेंट, समोरच्या फुटपाथला कॅम्डेन. हद्द बदलली की काय बदलतं? कचरा कोण उचलणार, कौन्सिल टॅक्स किती, पार्किंगचा परवाना कुणाकडून घ्यायचा, शाळेचा अर्ज कुठे करायचा. माणसं बदलत नाहीत. बरोच्या नावावरून घर ठरवू नका, गल्ली बघा. तीही वेगवेगळ्या वेळी बघा: शाळा सुटताना, रात्री नऊ-साडेनऊला, रविवारी सकाळी. एजंट घर दाखवतो ती दुपारची वेळ सगळ्याच गल्ल्यांना शोभून दिसते.

ब्रेंट मिक्स आहे यात वाद नाही. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या निम्म्याहून जास्त रहिवाशांचा जन्म ब्रिटनबाहेरचा निघाला. पण नव्याने आलेल्या माणसाला याचा एक फायदा होतो. दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंना, शाळेच्या ऑफिसला, कौन्सिलच्या माणसाला नवख्यांची सवय असते. तुमचे उच्चार ऐकून कुणी चमकत नाही, ‘हा फॉर्म कसा भरायचा’ विचारलं तर कुणी वर-खाली बघत नाही. चाळीस भाषांच्या शाळेने तुमच्यासारख्या कितीतरी बावरलेल्या आयांना सांभाळून घेतलेलं असतं.

तुमच्या मिस्टरांना या भागाची एक गोष्ट जरूर सांगा. विल्सडेन ग्रीनच्या पुढचं स्टेशन डॉलिस हिल. तिथे जवळच ग्रनविक नावाची फोटो धुऊन देणारी कंपनी होती. १९७६ च्या ऑगस्टमध्ये जयाबेन देसाई या गुजराती बाई तिथलं काम सोडून बाहेर पडल्या आणि मोठा संप उभा राहिला. संपात बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय बायका, साडीवर कोट चढवून गेटवर उभ्या. क्रिकलवुडच्या पोस्टमननी कंपनीची टपालं हाताळायला नकार दिला, यॉर्कशरहून खाणकामगार पाठिंब्याला आले. दोन वर्षांनी संप फसला, तो भाग वेगळा. पण गंमत बघा, कंपनीचा मालक अँग्लो-इंडियन होता आणि बायकांच्या बाजूने उभे राहिले ते पोस्टमन.

मालकीणबाईंचं आयरिश असणंही त्या भागाच्या इतिहासात बसतं. किलबर्न, क्रिकलवुड, विल्सडेन हा जुना आयरिश पट्टा. १९५०-६० च्या काळात लंडनमध्ये ‘काळे आणि आयरिश नकोत’ अशा पाट्या भाड्याच्या घरांबाहेर लागत. घराच्या बाबतीतला वंशभेद बेकायदा ठरला तो १९६८ च्या कायद्याने. त्या पिढीच्या माणसाला चहाला बोलावलंत तर ऐकण्यासारखं पुष्कळ मिळेल.

खाण्याची काळजी मात्र सोडा. हार्ल्सडेनच्या जमैकन दुकानांत कॅलालू म्हणून जी पालेभाजी मिळते ती आपल्या माठाच्याच जातीची. लसूण-मिरचीची फोडणी द्या, ओळखू येणार नाही. सुरमई किंगफिश या नावाने कॅरिबियन मासेवाल्यांकडे असते. ब्राझिलियन दुकानात टॅपिओका मिळतो. आपला साबुदाणा होतो तोही त्याच कंदाचा. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, ओला नारळ हवा तर वेम्बलीचा ईलिंग रोड आहेच, आणि तो ब्रेंटमध्येच आहे. नीसडनचं मोठं स्वामिनारायण मंदिरही ब्रेंटमध्येच. आणि लंडनचं महाराष्ट्र मंडळ, जे १९३२ साली स्थापन झालं, त्याची वास्तू कुठे आहे? डॉलिस हिलला. ‘आपले लोक नाहीत’ त्या बरोमध्ये, विल्सडेन ग्रीनच्या पुढच्या स्टेशनवर. केंटनहून तिथे जायला गाडी बदलावी लागेल.

सुरक्षिततेची भीती मी उडवून लावणार नाही. परक्या शहरात बाईमाणसाला वाटणारी धास्ती खरीच असते, आणि वंशद्वेषाचे प्रकार लंडनमध्ये घडतात. पण ‘एरिया चांगला नाही’ असं कुणी म्हणालं की विचारावं: काय झालं, कुठल्या रस्त्यावर, कधी, कुणाला? पुष्कळदा उत्तर ‘तसं काही नाही, पण लोक म्हणतात’ एवढंच असतं, आणि त्या ‘लोक म्हणतात’च्या तळाशी काळ्या माणसांची भीती असते. ही भीती आपण पुण्याहून सामानात बांधून आणलेली आहे, ती इथे आल्यावर झालेली नाही. नवऱ्याला हे ऐकायला आवडणार नाही. तरी सांगावं लागेल, कारण मुलीच्या वर्गात सोमाली आणि जमैकन मुलं असणार आणि ती घरातलं बोलणं टिपते.

पोलिसांच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की रस्त्यागणिक गुन्ह्यांचा नकाशा दिसतो. तो दोन्ही घरांसाठी बघा. बाजाराच्या रस्त्यावर आकडे नेहमीच फुगलेले असतात, दुकानांतल्या चोऱ्या त्यात धरलेल्या असतात. घरफोडी आणि लूटमार वेगळी काढून वाचा. ‘आपल्या’ वस्तीलाही तिचा स्वतःचा धोका आहे, बरं का. आशियाई घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे आणि दिवाळीच्या सुमारास पोलीस तसे इशारे देतात. घर कुठेही घ्या, मंगळसूत्र आणि पाटल्या कपाटात ठेवू नका.

मुलीच्या इंग्रजीचं म्हणाल तर चाळीस भाषांची मुलं खेळताना एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलणार? बाई इंग्रजीत शिकवतात, भांडणं इंग्रजीत होतात, वाढदिवसाची आमंत्रणं इंग्रजीत येतात. साडेचार वर्षांचं मूल ती भाषा तुमच्याआधी उचलेल. चिंता करायचीच तर मराठीची करा. दुसरीत जाईपर्यंत ती तुम्हाला मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत देऊ लागेल, केंटनला राहिलात तरी.

शाळाप्रवेशाबाबत ऑफिसात जे सांगितलं जातं त्यातलं बरंच जुनं झालंय. रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गासाठी अर्जाची मुदत १५ जानेवारीला संपते आणि एप्रिलमध्ये जागा कळतात. तुम्ही नंतर आलात, म्हणजे उशिराचा अर्ज, आणि तो ज्या बरोमध्ये राहाल त्या कौन्सिलकडे करायचा. लंडनमध्ये गेल्या काही वर्षांत प्राथमिक शाळांतली मुलं कमी झालीत, काही शाळा बंदही पडल्या, त्यामुळे प्रवेशासाठी पुण्यासारखी धावपळ करावी लागेल असं समजू नका. अमुक शाळा सरकारी तपासणीत ‘आउटस्टँडिंग’ ठरली आहे असं कुणी सांगितलं तर तो शेरा केव्हाचा ते विचारा, कारण सरकारी शाळांना असा एका शब्दाचा एकूण शेरा देणं २०२४ च्या सप्टेंबरपासून थांबलंय. शाळेत फोन करून बघायला जा. बाई मुलांशी बोलताना खाली वाकतात का, एवढं पाहिलंत तरी बरंच कळेल.

आता पैशाचं आणि कायद्याचं. इथे तुमच्या दोन घरांत मोठा फरक आहे आणि पत्रात तो कुठेच आलेला नाही.

विल्सडेनचा एजंट सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय. भाडेकरूंचा नवा कायदा १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये लागू आहे. नव्या भाडेकरारात आता एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही आणि तेही सही झाल्यावरच. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त बोली लावून घेणं बंद. कारण न देता घर खाली करायला लावणंही बंद. लहान मूल आहे म्हणून घर नाकारता येत नाही. आधीपासूनचे नियमही आहेत. डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं (भाडं महिना २,००० पौंड असेल तर साधारण २,३०७ पौंड), घर धरून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याची, आणि डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून त्याची कागदपत्रं तुम्हाला द्यावी लागतात. एजंट अडून बसतो त्याचं खरं कारण असं, की तुमचा इथला आर्थिक इतिहास शून्य आहे. त्यावर उपाय म्हणजे कंपनीचं पगारपत्र, पुण्यातल्या घरमालकाचं पत्र, बँकेचे कागद, आणि मागितलाच तर जामीनदार. वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट असावा, असा एजंटांचा ढोबळ हिशेब असतो. व्हिसा तपासायला ते शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन पडताळण्याचा सरकारी क्रमांक) मागतील, तो द्यावाच लागतो.

केंटनला मालक त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. एकाच घराचे भाग केलेल्या अशा जागेत, मालक तिथेच राहत असेल तर भाडेकरूला साधारणपणे हे सगळं संरक्षण मिळत नाही. डिपॉझिट योजनेत ठेवायचं बंधन नाही आणि घर खाली करायला लावणंही पुष्कळ सोपं. मालक सज्जन असतील, मला शंका नाही. पण एके दिवशी तव्यावर सुकटीचा वास दरवळला आणि संबंध बिघडले, तर तुमच्या हातात विशेष काही नसेल. सही करण्याआधी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थांना विचारा, सल्ला फुकट मिळतो. माझ्या मते भाषा, धर्म, शेजार या सगळ्याच्या आधी हा प्रश्न यायला हवा होता. ‘आपला माणूस आहे’ म्हटलं की कागद बघायचे राहून जातात, हे आपल्याकडे नवं नाही.

(फोडणीच्या वासावरून आठवलं. केंट परगण्यातल्या, केंटन नव्हे, एका घरमालकाने करीच्या वासाचं कारण सांगून आशियाई भाडेकरू नकोत असा नियमच काढला होता. २०१७ मध्ये कोर्टाने तो बेकायदा ठरवला. तेव्हा हळद-हिंगाबद्दल विल्सडेनला बिचकू नका, चिमणी चालू ठेवा आणि धुराचा अलार्म कुठे आहे तेवढं बघून ठेवा.)

विल्सडेनच्या घरातही दोष असणार. शंभर वर्षांच्या लाकडी जमिनीतून आवाज आरपार जातो. वरच्या मुलांचं संगीत तुम्हाला ऐकू येईल आणि तुमचा सकाळी साडेसहाचा मिक्सर खालच्या घराला. ओल बघा. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला कपाटामागे हात लावा, खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत का पाहा, ताज्या रंगाचा वास येत असेल तर तिथे जास्तच निरखा. ऊर्जेचं प्रमाणपत्र मागा. त्यावर ‘ई’ किंवा त्याहून वरची श्रेणी हवी, ‘सी’ किंवा ‘डी’ असली तर गॅसचं बिल सुसह्य. ब्रेंटमध्ये बऱ्याच ठिकाणी घर भाड्याने द्यायला मालकाला कौन्सिलचा परवाना लागतो, तो आहे का विचारायला संकोच करू नका. पहिला मजला म्हणजे बाबागाडी आणि किराणा जिन्याने वर न्यायचा, हेही धरा. केंटनला बाग आहे, आणि जूनमध्ये तिचं मोल कळतं.

शेजाऱ्यांशी भांडणं होतात ती धर्मावरून नाही, कचऱ्याच्या डब्यांवरून, आवाजावरून, पार्किंगवरून. आल्या आठवड्यात खालच्या बाईंना डबे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे ते विचारा. उत्तर कौन्सिलच्या वेबसाइटवर मिळतं, तरी त्यांनाच विचारा. त्यांचं पार्सल घेऊन ठेवा, तुमचं त्या ठेवतील. जीपीकडे, म्हणजे भागातल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे, नाव लगेच नोंदवा. त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं सक्तीचं नाही, काउंटरवर कुणी अडवलं तर शांतपणे हे सांगा. वाचनालयाचं कार्ड फुकट आहे, विल्सडेन ग्रीनचं वाचनालय चांगलं आहे आणि पावसाळी शनिवारी लहान मुलाला न्यायला यापेक्षा बरी जागा नाही. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर बस आणि ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) फुकट जातात, तेव्हा सुटीत घरात बसू नका. शाळेच्या दाराशी तीनच्या ठोक्याला नाही, दहा मिनिटं आधी जाऊन उभ्या राहा. लंडनमधल्या माझ्या बहुतेक ओळखी अशा थांबण्यातून झाल्या.

आणि तुमची नोकरी? नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आलेल्या जोडीदाराला इथे काम करायची मुभा असते. नऊ वर्षांचा अकाउंट्सचा अनुभव म्हणजे काही शिवणकामाचा छंद नव्हे. विल्सडेनहून ट्यूबच्या ज्युबिली लाइनने शहराचा मध्य जवळ पडतो, आणि नवऱ्यालाही कॅनरी वॉर्फ एकाच गाडीत मिळतं. घराचा विचार करताना तुम्ही स्वतःला कायमचं घरी धरलंय. सहा-आठ महिन्यांनी तुम्हीही सकाळी आठला बाहेर पडणाऱ्यांत असाल, असं धरून पुन्हा हिशेब मांडा.

नवऱ्याशी बोलताना ‘मला ते घर आवडलंय’ आणि ‘मला ते नको’ इथे अडकू नका. दोघांनी वेगवेगळे बसून लिहा, की आपल्याला नेमकी कसली भीती वाटते. मग यादी समोरासमोर ठेवा. ज्या भीतीवर माहिती मिळवता येते (गुन्हे, शाळा, कागद) ती मिळवा. उरेल ती बहुधा एकटेपणाची भीती असेल, आणि ती त्यांनाही असेल. ‘आपले लोक नाहीत’ म्हणताना ते कदाचित एवढंच सांगत असतील, की ‘मी ऑफिसात असताना तुम्हा दोघींचं काय होईल?’ त्यावर उत्तर आहे: महिन्यातून दोन रविवार त्या केंटनच्या कुटुंबांकडे जा, त्यांना घरी बोलवा. तुमच्या स्वयंपाकघरात कोळंबीभात करता येईल, हे कळल्यावर तेच जास्त वेळा येतील.

मध्यममार्ग हवाच असेल तर किंग्जबरी बघा. ज्युबिली लाइनवरच, भारतीय दुकानं भरपूर, केंटन जवळ. फक्त वेम्बली स्टेडियमला सामना किंवा मोठा कार्यक्रम असला की त्या बाजूच्या गाड्या नव्वद हजार माणसांच्या गर्दीने भरतात, तेवढं लक्षात असू द्या.

माझा कौल विल्सडेनला, एजंटने आगाऊ भाड्याचा हट्ट सोडला आणि भिंती कोरड्या निघाल्या तर. केंटनचे मालक वर राहत नसते आणि तुम्ही मुळातच शाकाहारी असता, तर मी इतक्या ठामपणे सांगितलं नसतं. सासूबाईंचं म्हणाल तर ते त्यांनाच विचारा. त्यांना गुजराती शेजार आणि बाग हवी की जवळ मंडळाचा गणपती, हे तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या वतीने ठरवून टाकलंय असं दिसतं. गुडघे दुखत असतील तर जिन्याच्या पायऱ्या मोजून कळवा, तो मुद्दा खरा आहे.

एजंटला आजच ईमेल करा, फोन नको. एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं कायद्यात बसत नाही, आम्ही पगारपत्र आणि जामीनदार द्यायला तयार आहोत, एवढी दोन वाक्यं पुरेत. उत्तर लेखी मागा आणि जपून ठेवा. त्याने तरी ऐकलं नाही, तर तो ईमेल घेऊन ब्रेंट कौन्सिलकडे तक्रार करता येते, आणि थेट मालकीणबाईंना फोन करून ‘तुमच्या एजंटने असं मागितलंय, तुम्हाला ठाऊक आहे का?’ असंही विचारता येतं.